हिवाळी रपेटीत पाय गारठतात, बोटं बधिर होतात: तपासणी कुठून सुरू करायची

घोड्यावर गारठणं हे वरवर एकच दुखणं वाटतं. खरं तर ती चार-पाच वेगळी दुखणी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून तुमचं कोणतं, ते आधी ओळखा.

लक्षणं

- रपेट सुरू झाल्यावर काही वेळाने पायाची बोटं दुखू लागतात. मग दुखणं थांबतं आणि बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं होतं. उतरताना जमिनीला पाय लागला की तळव्यातून गुडघ्यापर्यंत कळ जाते.
- हाताची बोटं, त्यातही करंगळी आणि अनामिका, आखडतात. लगाम हातात आहे हे दिसतं, पण जाणवत नाही. तंगाचं (खोगीर बांधणाऱ्या पट्ट्याचं) बकल सोडता येत नाही.
- निघताना छान ऊब असते, दुडकीला (चाल आणि धाव यांच्या मधल्या गतीला) पाठ घामाने भिजते आणि परतीच्या संथ चालीत हुडहुडी भरते.
- मांडीची आतली बाजू गरम, पण पुढची बाजू आणि गुडघे गारठलेले.
- कान ठणकतात, डोळ्यांतून पाणी येतं.

मी स्वारी शिकवते, त्यामुळे दर हिवाळ्यात या तक्रारी येतातच. आलेल्या माणसाने बहुतेक वेळा एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो: आणखी एक मोजा, आणखी एक स्वेटर. हातापायांच्या बाबतीत पुष्कळदा हाच उपाय मूळ दुखणं निघतो.

त्याचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. पायी चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त खेळतं ठेवतात. घोड्यावर चालण्याचं काम घोडा करतो. आपला पाय गुडघ्याखाली जवळजवळ स्थिर, वाऱ्यात लोंबकळणारा आणि चवडा लोखंडी रिकिबीवर दाबलेला. हाताची मूठ तासभर वळलेली. त्यात शरीराची रीत अशी, की थंडी वाजू लागली की ते आधी धडातली ऊब राखतं आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. मोजा स्वतः ऊब तयार करत नाही, रक्ताने आणलेली ऊब धरून ठेवतो. रक्तच पोचत नसेल तर तो धरणार काय?

खालची तपासणी फुकट गोष्टींपासून सुरू होते आणि खर्चाकडे जाते. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बहुतेकांचं काम होतं.

१. ही थंडीच आहे ना?

उन्हाळ्यातही तासाभराने चवडा बधिर होतो का? एकाच पायाला होतं का? असं असेल तर तो दाब आहे, थंडी नव्हे. शांत घोडा, मोकळी जागा आणि संथ चाल असताना दोन्ही पाय दोन मिनिटं रिकिबीतून काढून सैल सोडा. मुंग्या येऊन जाणीव परत आली, तर दोष बुटाच्या अरुंदपणात, रिकिबीच्या लांबीत किंवा तुमच्या बसण्यात आहे. फार आखूड रिकीब असेल तर गुडघा आणि घोटा जास्त मुडपतात आणि सगळं वजन चवड्यावर येतं. रिकिबीचा पट्टा एक भोक लांब करून पाहा. नवशिक्यांनी हा प्रयोग कुणीतरी घोडा धरलेला असतानाच करावा.

ही पायरी वगळून लोक महागडे मोजे घेतात आणि मग मोज्यांना नावं ठेवतात.

२. घोड्यावर चढण्याआधीच तुम्ही थंड होता का?

बूट रात्रभर तबेल्यात किंवा गाडीत राहिले असतील तर त्यांचा तळ आणि अस्तर थंडीने भरलेलं असतं. तुमच्या पायाची पहिल्या अर्ध्या तासातली सगळी ऊब बूट गरम करण्यात जाते, आणि बूट जितका जाड तितकं हे जास्त. बूट घरात, उबेत ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: रपेटीचे मोजे घरून घालून येऊ नका. बंद बुटांत तास-दीड तास राहिलेला मोजा हाताला कोरडा वाटला तरी दमट झालेला असतो, आणि दमट मोजा पायाची ऊब पटापट काढून घेतो. तबेल्यात आल्यावर पाय पुसून कोरडे मोजे चढवा. एवढ्या एका बदलाने ज्यांची तक्रार मिटली असे कितीतरी स्वार मी पाहिले आहेत.

रिकाम्या पोटी येऊ नका. शरीराला ऊब तयार करायला जळण लागतं. आणि मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) घोडा तयार करून हातात द्यावा म्हणून उभे राहू नका. खरारा, म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासणं, स्वतः करा, नीट जोर लावून. दोन्ही बाजूंचा खरारा होईपर्यंत खांदे आणि हात आपोआप मोकळे होतात, आणि त्यासाठी दमडीही लागत नाही.

३. एक मोजा कमी करा

बूट घालून उभे राहा, पूर्ण वजन द्या आणि आतल्या आत बोटं वर उचलून पाहा. उचलता येत नसतील तर दुसरा मोजा काढा. दोन मोजे तेव्हाच उपयोगाचे, जेव्हा बुटात त्यांना जागा आहे. ऊब धरते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. ती दाबून काढली की मोजा म्हणजे नुसतं कापड उरतं, वर रक्ताचा प्रवाह अडतो तो वेगळाच.

मोजा काढल्यावर पोटरीकडेही बघा. इलॅस्टिकचा खोल वळ उमटला आहे का? उंच बुटाची चेन ओढूनताणून लावावी लागते का? हिवाळ्यात आत थर्मल घालून त्यावर तेच उन्हाळी बूट किंवा तेच हाफ-चॅप्स (पोटरीवर घालायचं आवरण) चढवले की पोटरी आवळली जाते आणि खाली बोटं गारठतात. दोष बोटांत शोधला जातो, असतो गुडघ्याखाली वीतभर.

मोजा सुती नको. सूत घाम पितं आणि सोडत नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब टिकवते. पातळ लोकरी मोजा एकच, आणि बोटं हलवायला जागा, यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही.

४. घोड्यावर काय करता?

घाबरलेला किंवा थंडीने आखडलेला स्वार पायाची बोटं बुटाच्या आत वळवून रिकीब जणू पकडून ठेवतो. मूठही तशीच घट्ट. मध्येच स्वतःला विचारा: बोटं वळली आहेत का? वळली असतील तर सरळ करा, घोटे दोन्ही बाजूंनी फिरवा, मुठी सैल सोडून पुन्हा मिटा. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून जातो, त्यामुळे तीच दोन बोटं दाबलेली राहतात आणि तीच आधी बधिर होतात. बधिर बोटांचा त्रास तुमच्यापुरता राहत नाही. किती ओढलं जातंय ते कळत नाही आणि घोड्याच्या तोंडाला झटके बसतात. थंडीत घोडा मान झटकायला लागला तर आधी आपले हात तपासा.

चालीत बदल ठेवा. घोड्याचं अंग मोकळं झालं की थोडी उठती-बसती दुडकी, रिकिबीवर उभं राहून थोडं अंतर, मग पुन्हा चाल. मांडी आणि पोटरी कामाला लागली की ऊब येते.

सगळ्यांत गुणकारी उपाय मात्र लोक सगळ्यांत शेवटी करतात: खाली उतरा आणि घोडा हाताने धरून चाला. पाच-दहा मिनिटं पुरतात. रिकिबी वर सरकवून अडकवा, लगाम मानेवरून पुढे घ्या आणि ढांगा टाका. उतरायची वेळ बोटं दुखू लागल्यावर असते, बधिर झाल्यावर नव्हे. बधिर पायावर उडी मारली तर घोटा कसा टेकला ते कळत नाही. दोन्ही पाय रिकिबीतून काढून, गुडघे वाकवून, घोड्याला घासत सावकाश खाली या. ओटा किंवा ठोकळा जवळ असेल तर त्यावर उतरा.

खाली उतरल्यावर हात खांद्यापासून मोठे गोल फिरवले की रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. हे घोड्यापासून दोन पावलं दूर होऊन करा. पाठीवर बसून केलंत तर घोडा बिचकेल.

५. घाम येतो का?

तिसरं लक्षण, म्हणजे आधी घाम आणि मग हुडहुडी, ज्यांचं आहे त्यांनी कपडे वाढवायचे नाहीत, त्यांची मांडणी बदलायची. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, जो घाम बाहेर सोडतो. त्यावर ऊब धरणारा थर, लोकर किंवा फ्लीस. सर्वांत वर वारा अडवणारं काही. सुती बनियन आत राहिलं की बाकीच्या दोन थरांवर पाणी पडलं समजा. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. तबेल्याच्या दारातच अगदी छान ऊब लागत असेल तर दुडकीला नक्की घाम येणार. दुडकीच्या आधी चेन उघडा, चालीवर येताच लावा. आळस हाच इथला शत्रू आहे.

वरचा थर फुकट मिळणार नाही, पण तो लागतोच. घोडा दुडकी चालला की ताशी साधारण १३ किलोमीटरचा वारा तुम्ही स्वतःच तयार करता, समोरून येणारा आणखी वेगळा. हवा ५ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला सुमारे १ अंशाचा गारवा जाणवतो. जाळीदार विणीचा जाड स्वेटर अशा वेळी काही कामाचा नाही, वारा त्यातून आरपार जातो. मांड्यांची पुढची बाजू गारठते तीही याच कारणाने. आतली बाजू खोगिराला आणि घोड्याच्या अंगाला लागून असते, आणि घोड्याचं अंग ३७.५ ते ३८.५ अंश असतं. पुढची बाजू उघड्यावर. तिथे आणखी एक थर्मल घालण्यापेक्षा वारा अडवणारी विजार किंवा पूर्ण लांबीचे चॅप्स बरे.

कपडा निवडताना तो घालून खोगिरावर बसून बघा, आरशासमोर उभं राहून नाही. लांब कोटाला मागे चीर हवी, नाहीतर तो खोगिराच्या मागच्या कडेला अडकतो. चेन खालूनही उघडणारी असेल तर उत्तम. पाय उचलून रिकिबीत घालता येतो ना ते पाहा. सळसळणारं नायलॉन घोड्याला आधी जमिनीवरून दाखवा, हुंगू द्या. लोंबणारा मफलर नकोच, गळ्याला नळीसारखी पट्टी घाला.

आणि हेल्मेट. त्याखाली जाड लोकरी टोपी घालायची नाही, कान कितीही ठणकले तरी. टोपीमुळे हेल्मेट वर उचललं जातं, सैल बसतं आणि पडल्यावर सरकतं. पातळ, शिवण नसलेली टोपी किंवा कानपट्टी घाला आणि मग हेल्मेट हलवून पाहा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर बसलंय.

६. हातमोजे

जाड मोजा घेतला की लगाम जाणवत नाही, मग माणूस मूठ आणखी आवळतो, रक्त आणखी अडतं. त्यापेक्षा आत रेशमी किंवा लोकरी पातळ मोजा आणि वर वारा अडवणारा, तळहाताला पकड असलेला मोजा. दोन्ही चढवून मूठ वळा. बोटांच्या बेचक्यांत ताण आला तर माप लहान आहे. कडक थंडीत एकाच कप्प्याचे मोजे सर्वांत उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. लगामासाठी वेगळं भोक असलेले मिळतात.

खरारा, पाणी, खोगीर ही कामं रपेटीच्या मोज्यांनी करू नका. ती कामं करताना मोजे ओले होतातच. दुसरी जोडी जॅकेटच्या आत, अंगालगत ठेवा. तात्पुरता उपाय हवा असेल तर घोडा थांबवून लगाम एका हातात घ्या आणि दुसरा हात आयाळीखाली मानेला लावा, किंवा नमद्याच्या (खोगिराखालच्या गादीच्या) पुढच्या कडेखाली सरकवा. तिथे ऊब असतेच, आणि बहुतेक घोडे काही म्हणत नाहीत.

गरम होणाऱ्या पुड्यांबद्दल नेहमी विचारतात. त्यांत लोखंडाचा भुगा असतो, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो तापतो. म्हणजे हवा लागतेच. घट्ट बुटात कोंबली तर पुडी नीट तापत नाही, वर जागा खाते. पायासाठी पायाचीच पुडी घ्या, हाताची नको, आणि ती उघड्या कातडीला लावू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

७. रिकीब आणि बूट

इथून मोठा खर्च सुरू होतो. लोखंडी रिकीब चवड्यातून ऊब खेचते. पायदानावर जाड रबर बसवा, किंवा प्लास्टिकच्या मिश्रणाची रिकीब घ्या. बुटाच्या आत फेल्टचा किंवा लोकरीचा तळ टाकता येतो, पण टाकल्यावर पायरी तीनची बोटं हलवायची परीक्षा पुन्हा घ्या.

हिवाळी बूट घेतलात तर रिकीब मोजल्याशिवाय वापरू नका. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा ती साधारण अडीच सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद रिकिबीत जाड बूट अडकला आणि तुम्ही पडलात तर घोडा तुम्हाला फरफटत नेऊ शकतो. त्याच कारणाने खोल खाचांचे डोंगरी किंवा बर्फातले बूट साध्या रिकिबीत घालायचे नाहीत. टाच हवी, तळ फारसा खाचदार नको. एरवी मी मोज्या-कपड्यांबाबत फार आग्रही नसते, इथे मात्र ऐकून घेत नाही.

बॅटरीवर तापणारे तळ आणि मोजे चालतात. पण ते शेवटी. आधीच्या पायऱ्या न करता घेतले तर अरुंद बुटात गरम तार घालण्यापलीकडे काही होत नाही.

८. घोड्याचं वेळापत्रक आणि तुमची थंडी

हे कुणी जोडून बघत नाही. थंडीत घोड्याला सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं चाल लागते आणि शेवटीही तेवढीच, अंग निवेपर्यंत आणि घाम सुकेपर्यंत. हिवाळी केसांत घाम लवकर सुकत नाही, आणि ओला घोडा तसाच उभा केला तर तो गारठतो. म्हणजे तुम्ही घामेजलेले आणि घोडा संथ, अशी शेवटची पंधरा मिनिटं ठरलेलीच. बहुतेकांची हुडहुडी तिथलीच. ती पंधरा मिनिटं पायी चाला. घोड्याचंही काम होतं, तुमचंही. शक्य असेल तर घोड्याच्या कमरेवरून चादर टाका. तुमच्या मांड्यांवर येणारीही मिळते, फक्त घोड्याला तिची सवय आधी उभ्या-उभ्या करून द्या.

जमीन गोठून कडक झाली असेल किंवा बर्फ घसरडा असेल तर दुडकी नाही, आणि दुडकी नाही म्हणजे ऊब तयार करायचा मार्ग नाही. अशा दिवशी रपेट निम्म्यावर आणा. बिट (घोड्याच्या तोंडात जाणारी लगामाची दांडी) लोखंडी असेल तर घालण्यापूर्वी तळहातांत धरून गार चटका काढा. गरम पाण्यात बुडवलंत तर गालाला लावून पाहा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

अंगठा करंगळीच्या टोकाला लावता येत नसेल तर रपेट संपली. ते हात लगाम धरण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. उतरा, चालत परता.

माणूस थरथर कापतोय, अडखळतोय, बोलणं जड झालंय, साध्या प्रश्नाला उलटसुलट उत्तर देतोय, असं दिसलं तर शरीराचं आतलं तापमान घसरतंय असं समजा. ३५ अंशांच्या खाली गेलं की तो धोका असतो. अंग न तापता कापणं थांबलं तर ते सुधारणं नव्हे, बिघडणं आहे. त्याला घोड्यावरून उतरवा, आडोशाला न्या, ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान गुंडाळा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू नाही. हातपाय चोळायचे नाहीत. गोंधळलेला किंवा झोपाळलेला असेल तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा.

कातडी पांढरी किंवा राखाडी, मेणचट, कडक झाली असेल तर ती गोठली आहे. चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूही नका. सरळ डॉक्टरांकडे जा. ऊब देण्याची सोय असेल तर ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी, त्याहून गरम नाही.

थंडी लागताच बोटं पांढरीफटक, मग निळी आणि गरम होताना लाल होत असतील, तर ती रक्तवाहिन्यांची तक्रार असू शकते. मोजे बदलून ती जाणार नाही, डॉक्टरांना दाखवा. तबेल्यातून आल्यावर काही तासांनी बोटांवर खाजणारे लालसर-जांभळे फुगवटे येत असतील, किंवा तासभर उबेत बसूनही बधिरपणा जात नसेल, तरीही दाखवा. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या बधिरपणावर घरगुती प्रयोग अजिबात करू नयेत. बीटा-ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. त्या आपणहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. धूम्रपान करत असाल तर तेही सांगा, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात.

आणि पहिल्या पायरीत दोष दाबाचा निघाला, रिकीब आणि बूट बदलूनही एकच पाय बधिर होत राहिला, तर खोगीर बसवणाऱ्या जाणकाराला एकदा बोलवा. खोगीर एका बाजूला कललेलं असेल तर एका पायावर जास्त वजन येतं. खोगीर सरळ असेल तर मग कमरेची किंवा पायाची नस तपासून घ्या.